गाठ आधी ओळखा, उपचार मग ठरवा : लिंफोमा आणि कार-टी

गेल्या अंकात आम्ही लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींतील पांढऱ्या पेशींचा कर्करोग, आणि त्यावरील 'कार-टी' हा पेशी-उपचार यांविषयी लेख छापला होता. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगट पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करून त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडण्याची ही पद्धत आहे. लेखानंतर मुंबई आणि आसपासच्या भागातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना मुंबईतच टी-पेशींवर संशोधन करणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेने येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या भावाच्या मानेत न दुखणारी गाठ आहे. सुईने पाणी काढून तपासल्यावर 'क्षयाची शक्यता' असा रिपोर्ट आला आणि क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने झाले तरी गाठ वाढतेच आहे. आता संध्याकाळी ताप येतो आणि रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो. एक डॉक्टर गाठ काढून तपासायला सांगतात. पण गाठीला सुरी लावली की रोग पसरतो, असे घरच्यांचे म्हणणे आहे. काय करावे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गाठ काढून तपासून घ्या, आणि त्यात आणखी आठवडे घालवू नका. सुरी लावल्याने लिंफोमा पसरतो, याला काहीही आधार नाही.

आपल्याकडे मानेत गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तच असतो, कारण ग्रंथींचा क्षय आपल्या देशात सर्रास आढळतो. अडचण अशी की रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन ही लक्षणे क्षयात असतात आणि लिंफोमातही असतात. सुईतून निघतात त्या सुट्या पेशी. लिंफोमाचे निदान करताना पॅथॉलॉजिस्टला ग्रंथीची मूळ रचना कुठे मोडली आहे आणि कोणत्या पेशी कोणाच्या शेजारी बसल्या आहेत, हे पाहावे लागते. त्यासाठी पूर्ण ग्रंथी, निदान तिचा चांगला मोठा तुकडा, हातात यावा लागतो.

तरुणांमध्ये विशेष आढळणाऱ्या हॉजकिन लिंफोमात तर ही पंचाईत आणखी वाढते. लंडनच्या टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले आणि त्याची ओळख पटवणारी दोन केंद्रकांची मोठी पेशी आज कार्ल स्टर्नबर्ग आणि डोरोथी रीड यांच्या नावांनी ओळखली जाते. ही कर्करोगाची पेशी गाठीत अगदी थोड्या संख्येने असते. उरलेली सगळी गर्दी तिच्याभोवती जमलेल्या निरोगी पेशींची असते. सुईच्या टोकाला ती लागलीच नाही, तर रिपोर्टमध्ये ती दिसणार कशी? त्यातच हॉजकिनच्या ग्रंथीत कधीकधी क्षयासारखे दिसणारे कणार्बुदही (ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहक पेशींचा पुंजका) आढळते. 'क्षयाची शक्यता' हे शब्द अशा वेळी प्रामाणिकपणेच लिहिलेले असतात. मात्र ते अंतिम निदान नव्हे.

आणखी दोन गोष्टी सांगते. काढलेल्या गाठीचा एक भाग क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी, म्हणजे सीबीनॅट आणि कल्चरसाठी, आवर्जून पाठवायला सांगा. औषधांना दाद न देणारा क्षय असू शकतो आणि क्वचित दोन्ही रोग एकाच वेळी असतात. त्यामुळे सुरू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बायोप्सी होईपर्यंत, ताप उतरावा किंवा बरे वाटावे म्हणून, स्टेरॉइड घेऊ देऊ नका. स्टेरॉइडने लिंफोमाच्या पेशी झपाट्याने मरतात, गाठ काही दिवस वितळल्यासारखी होते, घरात आनंद होतो आणि त्यानंतर काढलेल्या तुकड्यात निदान करण्याजोगे काही उरत नाही.

लिंफोमा निघालाच, तर परळच्या टाटा रुग्णालयात किंवा अन्यत्र दुसरे मत घ्यायला जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. पहिल्या लॅबमधून गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून सोबत न्या. ते रुग्णाला मिळतात. हॉजकिन लिंफोमा असेल, तर या वयातले बहुसंख्य रुग्ण नेहमीच्या केमोने कायमचे बरे होतात, हेही घरच्यांना सांगा.

प्रश्न : आईला (वय ६४) 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' लिंफोमा आहे, स्टेज चार. आर-चॉपचे दोन केमो झाले आहेत. केस गेले, तोंड आले, अशक्तपणा आहे. नातेवाईक म्हणतात की आता कार-टी मुंबईतच मिळते, तर केमोचा छळ कशाला? एकदाच काय ते करून टाका. — एक वाचक, लालबाग

उत्तर : केमो अर्धवट सोडू नका. आपल्या नातेवाइकांचा हेतू चांगला आहे. सल्ला मात्र घातक आहे.

आर-चॉपमध्ये रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड (पेशीवरची ठरावीक खूण पकडणारे प्रथिन), केमोची तीन औषधे आणि स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. साधारणतः दर २१ दिवसांनी, सहा वेळा ते देतात. या प्रकारच्या लिंफोमाचे दहातले सुमारे सहा रुग्ण एवढ्यावरच बरे होतात आणि त्यांना पुढे काही लागत नाही. 'स्टेज चार' ऐकून घर हादरते, हे मी समजू शकते. पण या पेशींचा मूळ धर्मच शरीरभर फिरण्याचा आहे, त्यामुळे लिंफोमात स्टेज चारचा अर्थ फुप्फुसाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगातल्यासारखा होत नाही. स्टेज चारचे अनेक रुग्ण बरे होतात.

आता कार-टीकडे पाहू. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या एका कार-टीची चाचणी १०१ रुग्णांवर झाली. त्यांतील ८२ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला, ५४ टक्क्यांत तो पूर्ण दिसेनासा झाला आणि पाच वर्षांनी सुमारे ४३ टक्के रुग्ण हयात होते. केमो निकामी ठरलेल्या आणि ज्यांच्याकडे जेमतेम काही महिने उरले होते अशा रुग्णांसाठी हे आकडे विलक्षण आहेत. आपल्या आईची स्थिती तशी नाही. तिच्यासमोर पहिल्याच उपचाराने बरे होण्याची मोठी संधी आहे, आणि ती सोडून ज्याची मान्यताच उलटलेल्या किंवा केमोला न जुमानणाऱ्या रोगासाठी आहे त्या उपचाराकडे धावणे, हा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही. आपल्याकडची, मुंबईत घडलेली 'नेक्सकार१९' ही कार-टी आणि त्यानंतर बंगळुरूच्या कंपनीने आणलेली 'कार्टेमी' या दोन्हींना हेच लागू आहे.

कार-टीविषयी विचारायचे कधी, हे मात्र आत्ताच माहीत असू द्या, कारण तेथे उशीर महागात पडतो. मधल्या किंवा शेवटच्या पेट-सीटीत (शरीरात रोग कुठे आहे हे दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) रोग हलला नाही असे दिसले, किंवा उपचार संपल्यावर वर्षाच्या आत तो उलटला, तर त्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा की पेशी-उपचार करणाऱ्या केंद्राकडे आम्हाला पाठवता का. अशा लवकर उलटलेल्या रोगात दुसरा उपचार म्हणूनच कार-टी दिली, तर जुन्या पद्धतीपेक्षा, म्हणजे आणखी केमो आणि मग स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण यांपेक्षा, निकाल चांगले येतात, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले आहे. केमोचा प्रत्येक नवा प्रकार टी-पेशींनाही झिजवतो. बेंडामुस्टीन हे औषध तर विशेष. दोन-तीन वेगवेगळे केमो होऊन गेल्यावर ज्या पेशी आमच्या हाती येतात, त्यांच्यात पुष्कळदा वाढण्याची उमेदच नसते.

तोंड येणे आणि अशक्तपणा यांबद्दल आईच्या डॉक्टरांना बजावून सांगा. त्यांवर उपाय आहेत आणि रुग्ण ते निमूट सोसतात, असे मी वॉर्डात वारंवार पाहते.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. टी-पेशीत नेमका काय बदल करतात आणि प्रयोगशाळेत तो कसा होतो? या क्षेत्रात मुंबईत काही करता येईल का? — एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : असा प्रश्न आला की मला हात आखडता घेता येत नाही, तेव्हा संपादकांची क्षमा मागून थोडे लांब लिहिते.

टी-पेशीची एक अट असते. समोरची पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर धरून दाखवील, तेव्हाच ती त्यांना ओळखते. कर्करोगाच्या अनेक पेशी हे दाखवणेच बंद करतात. प्रतिपिंडाला अशी अट नसते. पृष्ठभागावरची खूण ते थेट पकडते, पण स्वतः टी-पेशीसारखे मारू शकत नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या दोहोंचा जोड करून दाखवला : पेशीबाहेर प्रतिपिंडाचे टोक आणि पेशीच्या आत टी-पेशीला चेतवणारा भाग. हा जोडग्राहक (रिसेप्टर) म्हणजेच 'कार'. कल्पना बिनतोड होती, पण अशा पेशी शरीरात टिकेनात. चेतवणाऱ्या भागाला सीडी२८ किंवा ४-१बीबी या रेणूचा दुसरा संदेश जोडल्यावर त्या वाढू आणि तगू लागल्या. सीडी१९ हे लक्ष्य धरलेल्या अशा पेशी उंदरांतील कर्करोग नष्ट करू शकतात, हे न्यूयॉर्कमधील मिशेल सादलेन यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवून दिले. सीडी१९ ही खूण जवळजवळ सर्व बी-पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कुळावर, असते, आणि बी-पेशी गेल्या तरी माणूस जगू शकतो; म्हणून ती निवड.

२०१२ मध्ये फिलाडेल्फियात कार्ल जून यांच्या गटाची कार-टी एमिली व्हाइटहेड या सहा-सात वर्षांच्या मुलीला दिली गेली. तिचा आजार ल्युकेमिया होता, पण लक्ष्य तेच. काही दिवसांत ती अत्यवस्थ झाली. रक्तात इंटरल्युकिन-६ हे दाह वाढवणारे प्रथिन प्रचंड वाढल्याचे दिसले. आणि त्याला रोखणारे संधिवाताचे औषध, टोसिलिझुमॅब, जून यांना ठाऊक होते, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणचा संधिवात होता. ते औषध दिले आणि एमिली वाचली. आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक वॉर्डात हे औषध हाताशी ठेवलेले असते.

आता प्रयोगशाळेत येऊ. रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्राला तो चार-पाच तास जोडलेला असतो. रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे ओठांभोवती मुंग्या येतात. परिचारिका मधूनमधून त्याविषयी विचारते आणि गरज पडली तर कॅल्शियम देते. पुढचे काम निर्जंतुक खोलीत चालते. टी-पेशी निवडून त्यांना चेतवले जाते. एक-दोन दिवसांत, एरवी एकेकट्या दिसणाऱ्या त्या गोल पेशी फुगून द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना बिलगतात. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहणारा विद्यार्थी हमखास बोलावून दुसऱ्याला दाखवतो. मग स्वतःची वाढ करण्याची क्षमता काढून घेतलेला लेंटीविषाणू नवे जनुक आत पोहोचवतो. ३७ अंशांवर पेशी वाढत राहतात. संशोधनासाठीच्या गुलाबी माध्यमाचा (पोषक द्रावणाचा) रंग पिवळसर होऊ लागला, की पेशी जोमात आहेत आणि त्यांना नवे माध्यम हवे आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळते. किती टक्के पेशींवर नवा ग्राहक उगवला, जंतुसंसर्ग तर नाही ना, अशा तपासण्यांत शेवटचे दिवस जातात. एक तपासणी हुकली तरी पिशवी रुग्णाकडे जात नाही.

मुंबईचे म्हणाल, तर या विषयात सध्या देशात मुंबईइतके योग्य ठिकाण क्वचितच दुसरे असेल. पवईच्या आयआयटीतील प्रा. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियल सेंटरमधील डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन यांचे गट यांनी मिळून नेक्सकार१९ घडवली. तिच्यातील प्रतिपिंडाचे टोक उंदराच्या प्रथिनासारखे न ठेवता माणसाच्या प्रथिनाशी जुळते केले आहे. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच कर्करोग संशोधन केंद्रात, ४ जून २०२१ रोजी या प्रयत्नातील पहिला उपचार झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आली.

त्यामागे मोठी परंपरा आहे, ती मराठी विद्यार्थ्यांना माहीत असावी असे मला फार वाटते. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन शिकल्या आणि परत येऊन त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. तीच संस्था पुढे खारघरला गेली आणि अॅक्ट्रेक झाली.

एम.एस्सी.नंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन अॅक्ट्रेकमध्ये पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो. सगळ्यांनी पीएच.डी. करावी असेही नाही. निर्जंतुक खोलीत काम करणारी आणि गुणवत्ता तपासणारी तरबेज माणसे आज कमी पडतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांना त्या कामाची निम्मी सवय आधीच असते. संशोधनाचे म्हणाल तर दोन कोडी अजून सुटायची आहेत. कर्करोगाची पेशी कधीकधी सीडी१९ ही खूणच टाकून देते, आणि मग धडधाकट कार-टी पेशींनाही ती दिसत नाही. दुसरीकडे, खूण शाबूत असूनही सतत लढून टी-पेशी थकतात. हे थकणे उलटवता येईल का, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

प्रश्न : बाळाची नाळ बँकेत ठेवली, तर पुढे कार-टीसाठी तिचा उपयोग होईल असे आम्हाला सांगण्यात आले. खरे आहे का? — एक वाचक, वसई

उत्तर : नाही. आज मान्यता असलेली कार-टी रुग्णाच्या स्वतःच्या, त्या वेळच्या रक्तातील टी-पेशींपासूनच बनते. तिला नाळेची गरज लागत नाही. एवढ्या कारणासाठी पैसे भरू नका.

प्रश्न : खर्च नेमका किती? आणि तो आमच्यासारख्यांनी कसा उभा करायचा? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : अमेरिकेत लिंफोमासाठीची पहिली कार-टी आली, तेव्हा तिची नुसती किंमत ३,७३,००० डॉलर होती. मुंबईत घडलेल्या उपचाराची किंमत सुमारे एक-दशांश, म्हणजे तीस-चाळीस लाख रुपयांच्या आसपास, सांगितली जाते. जनुक पेशीत नेणाऱ्या विषाणूवाहकापासून सगळे येथेच तयार केल्याने हे साधले. तरीही चाळीतल्या किंवा छोट्या फ्लॅटमधल्या कुटुंबासाठी हा आकडा 'स्वस्त' म्हणणे मला जमत नाही.

पैसे जमवण्यापूर्वी रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात पेशींची किंमत, भरतीचा खर्च, अतिदक्षता विभागाची शक्यता आणि पुढच्या महिन्यांतील औषधे वेगवेगळी लिहून मागा. गुंतागुंत झाल्यास बिल कुठवर जाऊ शकते, हेही विचारा. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. ट्रस्टचे अर्ज, मुख्यमंत्री सहायता निधी, विम्याची पूर्वपरवानगी यांची वाट तेथूनच जाते. तेथे पहिल्या दिवशी जा. घर विकायला काढण्याआधी एक आकडा ठाऊक असावा : २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या नेक्सकार१९ च्या चाचणीत, मूल्यमापन झालेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांचा रोग उपचाराला दाद देणारा ठरला. दाद देणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे, आणि उपचारामुळे मृत्यूही ओढवू शकतो. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा : आमच्या रुग्णाच्या रोगाचा आवाका आणि प्रकृती पाहता, त्याच्या बाबतीत शक्यता किती?

प्रश्न : माझ्या पतीला दोन आठवड्यांपूर्वी कार-टी दिली. घरी सोडताना दिलेल्या सूचना ऐकून घेतल्या, पण गोंधळ आहे. रोज एक वाक्य लिहायला का सांगतात? गणपतीला गावी जाता येईल का? — एक वाचक, पनवेल

उत्तर : कार-टीचा एक दुष्परिणाम मेंदूवर होतो, आणि त्याची पहिली चाहूल पुष्कळदा हस्ताक्षरात लागते. म्हणून वॉर्डात रोज तारीख-ठिकाण विचारतात, वस्तूंची नावे विचारतात, शंभरातून दहा-दहा कमी करत मोजायला लावतात आणि एक वाक्य लिहून घेतात. 'आज जेवणात वरण-भात होता' असे साधे वाक्यही चालते. ते कालच्यासारखेच उतरले आहे का, एवढेच पाहायचे असते. अक्षर वाकडे होऊ लागले, शब्द सापडेना, माणूस उगाच झोपाळू झाला, तर सकाळची वाट पाहू नका.

तापाचेही तसेच. १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप आला की रात्र असो वा पहाट, घरी पॅरासिटामॉल देऊन न थांबता उपचार केलेल्या केंद्राला फोन करून निघा. जवळच्या दवाखान्यात जावेच लागले, तर 'यांना कार-टी दिली आहे' हे वाक्य सर्वांत आधी सांगा आणि केंद्राने दिलेले कार्ड दाखवा. पहिले काही आठवडे केंद्रापासून जवळ राहायला आणि गाडी न चालवायला सांगतात; नेमके किती, ते आपल्या केंद्राला विचारा. आपण पनवेलला आहात, हे त्या दृष्टीने सोयीचे आहे. कोकणचा रस्ता आणि सणातली वाहतूक पाहता यंदा गावी जाऊ नये, असेच मी म्हणेन. आणि घरी गणपती बसत असेल, तर दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी त्यांच्या खोलीपर्यंत येऊ देऊ नका.

पुढे काही महिने, कधी त्याहून जास्त काळ, बी-पेशी नसल्याने शरीरात प्रतिपिंडे कमी राहतात. वारंवार संसर्ग झाला तर इम्युनोग्लोब्युलिनच्या (तयार प्रतिपिंडांच्या) सलाइनची गरज लागू शकते. जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बदललेल्या टी-पेशींतूनच नवा कर्करोग उद्भवल्याची फार थोडी उदाहरणे आढळल्याने अमेरिकी औषध प्रशासनाने २०२४ मध्ये तसा इशारा औषधासोबत छापायला लावला. धोका अत्यल्प आहे. पण बरे वाटू लागल्यावरही तपासणीच्या तारखा चुकवू नयेत, त्याचे हे एक कारण.

प्रश्न : वडिलांना गालाचा कर्करोग आहे, तंबाखूची जुनी सवय. ऑपरेशनला ते घाबरतात. त्याऐवजी कार-टी देता येईल का? — एक वाचक, भिवंडी

उत्तर : आज नाही. रक्ताच्या कर्करोगात सीडी१९ सारखी, गमावली तरी चालेल अशी खूण मिळाली. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर ज्या खुणा आहेत, त्या कमी-अधिक प्रमाणात त्वचेवर किंवा इतर आवश्यक अवयवांवरही असतात, आणि घट्ट गाठीच्या आत शिरल्यावर टी-पेशी तग धरत नाहीत. यावर जगभर काम चालू आहे. वडिलांच्या बाबतीत त्याची वाट पाहता येणार नाही. गालाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे आणि लवकर झाली तर ती लहान राहते. त्यांना सर्जनसमोर बसवून, किती भाग काढावा लागेल, जबडा वाचेल का, नंतर जेवता-बोलता कसे येईल, हे त्यांचे त्यांना विचारू द्या. मिळालेली तारीख पुढे ढकलू नका आणि तंबाखू आजच बंद करायला लावा. जखम भरायलाही त्याने फरक पडतो.